नमुना क्रमांक तीनशे सतरा

बावीस वर्षं मी माती पाण्यात कालवतो,
यंत्राची काडी तिच्यात बुडवतो आणि आकडा वाचतो.
मिरजेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल माझं.
समुद्र मी पाहिला दोनदाच:
एकदा शाळेच्या सहलीत, डावी चप्पल वाहून गेली;
एकदा धाकट्याच्या लग्नात, घाईत.

पण खारट म्हणजे काय, ते मला विचारा.
वारणाकाठची माती पिशवीतून येते, रबर लावलेली,
चिठ्ठीवर नाव, गट नंबर,
मागील पीक: ऊस.
मागील पीक: ऊस.
मागील पीक: ऊस.
चैत्रात तिच्यावर असा पांढरा थर फुटतो
की लांबून वाटावं, कुणाची दह्याची कळशी लवंडली.
पाणी फार झालं की जमीन आतलं सगळं वर आणते.
माणसं तरी वेगळं काय करतात.

दुधगावच्या राजमतीकाकूंचा अर्धा एकर तसला.
दहा वर्षं त्यात कुसळ नाही.
दिवाळीला त्यांची भाची सुप्रभा आली वेंगुर्ल्याहून
(खाडीत उभं राहून कांदळवनाची रोपं मोजायची, ही तिची नोकरी),
सोबत श्रीखंडाचा डबा,
डब्यात काळा चिखल, चिखलात मोरस:
बारीक, फुगीर पानांची,
भरती डोक्यावरून गेली तरी न कुरकुरणारी.
"आत्या, हिला गोडं पाणी दिलं नाहीस तरी चालेल."

काकू म्हणाल्या, "समुद्राचं औषध आमाला नवं न्हाई गं.
तासगावकडं द्राक्षांवर शेवाळाचा अर्क मारत्यात की,
कॅनवर उगंच माशाचं चित्र."
सुप्रभा हसली नाही.
म्हणाली, आपल्या धुराचा चौथा हिस्सा तो मुकाट गिळतो,
उन्हाचा वाढीव ताप बहुतेक सगळा अंगावर घेतो,
आणि आपण त्याला काय धाडतो, तर युरिया.

हे मात्र मी मोजलेलं आहे.
इथून समुद्र पश्चिमेला, घाट उतरला की आलाच.
पण वारणा त्याच्याकडे पाठ फिरवते,
हरिपुराला कृष्णेत शिरते
आणि आमचं खत, आमचं मीठ कडेवर घेऊन
तीन राज्यं चालत जाते, पूर्वेच्या समुद्राला द्यायला.
शेजारणीकडून वाटी आणायची
आणि उष्टी परत करायची ती भलत्याच घरी.

मार्गशीर्षात डब्यातली मोरस शेतात गेली.
गावानं बघून घेतलं. कुणी म्हणालं, गवत लावलंय.
संक्रांतीनंतर ती जांभळट झाली, पसरली,
पांढऱ्यावर लुगडं वाळत घातल्यागत.
काकूंनी कोवळे शेंडे खुडले, तीनदा उकळून पाणी टाकलं,
मुगाची डाळ घातली. कांदा त्यांच्या घरात नसतोच.
मला ताट वाढलं. मी सवयीनं मीठ शोधलं.
"घालायचं नसतंय," काकू म्हणाल्या, "तिचं ती घेऊन येतीया."

खाल्लं. तोंडात खाडी, घशात दुधगाव.
त्या घासात त्यांच्या शेताचं चिमूटभर मीठ होतं,
जे आता शेतात नव्हतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
मी बोटं चाटली आणि विचार केला,
कुणाच्या मिठाला? वावराच्या, नदीच्या, की त्याच्या?

आज सकाळी नमुना आला. तीनशे सतरा.
गेल्या साली नऊ पूर्णांक दोन होता,
आता आठ पूर्णांक सहा.
एवढा फरक माझ्या काडीच्या चुकीतही बसतो,
म्हणून काडी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली.
आठ पूर्णांक सहा.
साहेबांना सांगावं असं काही नाही.

फॉर्म भरायला घेतला.
मागील पीक या रकान्याला यादीतूनच निवडावं लागतं:
ऊस, सोयाबीन, हळद, गहू, इतर.
मोरस यादीत नाही. खाडी नाही. भरती नाही.
काकूंना फोन लावला, काय लिहू?
पलीकडे बराच वेळ नुसता कुकर वाजत राहिला.
मग म्हणाल्या, "पावण्याचं नाव कुठं लिवत्यात का?
पण ऊस लिवू नका."

पेन अजून हातातच आहे.